डीडब्ल्यूएमच्या ‘युटिल.सी’त काय असतं?

वर्धा-सेवाग्रामकडे सी शिकणाऱ्या मुलांना पॉइंटर येतात, कॅलॉक येतो; पण खऱ्या प्रोग्राममध्ये हे सगळं कसं वापरतात ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही. त्यासाठी डीडब्ल्यूएम वाचावा. लिनक्सच्या पडद्यावर विंडो मांडून देणारा हा विंडो मॅनेजर आन्सेल्म गार्बे यांनी २००६ मध्ये आणला. त्याचा कोड २००० ओळींच्या आत ठेवायचा, असा दंडकच आहे.

सुरुवात ‘युटिल.सी’पासून करा. पन्नासही ओळी नाहीत. डीडब्ल्यूएम बनवणाऱ्यांच्याच डीमेन्यू या दुसऱ्या प्रोग्राममध्येही ही फाइल आहे.

त्यातलं ‘डाय’ हे फंक्शन एररचा मजकूर छापतं आणि प्रोग्राम बंद करतं. गंमत मजकुराच्या शेवटच्या अक्षरात आहे. तिथे ‘:’ असेल तर पुढे सिस्टिमने दिलेलं कारण छापलं जातं. नसेल तर नुसती नवी ओळ. वेगळा फ्लॅग नाही की काही नाही.

‘ईकॅलॉक’ याच ‘डाय’च्या भरवशावर चालतं. नवी विंडो उघडली की तिच्या नोंदीसाठी मेमरी तेच मागतं. मिळाली तर पत्ता परत, नाही तर थेट ‘डाय’. त्यामुळे जागोजागी नल तपासावा लागत नाही. आता विंडो मॅनेजर बंद पडला की बहुधा सगळं सेशनच जातं. तरी मला हे पटतं. अर्धवट चालून कीबोर्ड अडवून बसणारा मॅनेजर त्याहून वाईट.

‘युटिल.एच’मधले ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ हे मॅक्रो दिसायला अगदी साधे. (त्यांत ‘आय++’ मात्र देऊ नका, ते दोनदा वाढू शकतं.) त्यांची खरी करामत विंडो कोणत्या मॉनिटरची, हे ठरवताना दिसते. समजा, १९२० पिक्सेल रुंदीचे दोन मॉनिटर शेजारी आहेत आणि विंडो १७०० पासून २३०० पर्यंत पसरली आहे. उजव्या कडांतली लहान घ्या, तीतून डाव्या कडांतली मोठी वजा करा. पहिल्या मॉनिटरवर १९२० वजा १७००, म्हणजे २२०; दुसऱ्यावर २३०० वजा १९२०, म्हणजे ३८०. उभ्या बाजूचंही असंच काढून गुणायचं; ज्याचं क्षेत्रफळ जास्त, त्याची विंडो. पण प्रत्येक फरकाला ‘मॅक्स’ने शून्याचा तळ दिलेला आहे. का? विंडो त्या मॉनिटरच्या साफ बाहेर असेल तर आडवा आणि उभा, दोन्ही फरक उणे येऊ शकतात. उणे गुणिले उणे अधिक, आणि जिथे विंडो नाहीच तो मॉनिटर जिंकायचा!

‘बिटवीन’ हा तिसरा मॅक्रो अनेक वर्षं यूटीएफ-८ तपासायच्या कामी होता. ‘वर्धा’ म्हणजे पाच युनिकोड संकेत, पंधरा बाइट. ते नीट वाचले जातात. तरी डीडब्ल्यूएमच्या वरच्या पट्टीवर रफार ‘धा’वर चढत नाही, ‘र’ पायमोडका वेगळाच उभा राहतो. कारण ‘डीआरडब्ल्यू.सी’ ही फाइल अक्षरं काढायला एक्सएफटी वापरते आणि ते एकेक संकेत सुटा काढतं. जोडाक्षरं जुळवणं हे हार्फबझसारख्या लायब्ररीचं काम; मूळ डीडब्ल्यूएम ती वापरत नाही.