चाकूचे वय

मुलांनो, खिशात मावणारे जुने घडीचे चाकू जमवण्याचा छंद काहींना असतो. असा चाकू किती जुना आहे, हे कसे ओळखतात?

अमेरिकेतील ब्रॅडफर्ड गावच्या केस कंपनीचे उदाहरण घेऊ. पाते उघडले की मुठीजवळ, पात्याच्या बुडाशी, कंपनीचा ठसा दिसतो. १९७० साली त्या ठशाखाली दहा ठिपके होते. पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी होत गेला. म्हणजे सात ठिपके असले, तर चाकू १९७३ चा! १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपके आले. पण तेव्हा नावातील इंग्रजी 'एस' अक्षर विजेसारखे नागमोडी केले होते.

म्हणून जुना चाकू घासून चकचकीत करू नये. ठसा झिजला, की त्याचे वयही पुसले जाते.