‘आल्यावर’ आणि ‘पूर्वी’ : पाठरक्षणाच्या दृष्टीने संगणकीय घटनांचा विचार

साहित्याच्या अभ्यासकाने आज्ञावलीच्या वाटेस का जावे, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. कारण पाठाचे आहे. मोडी कागदांचे लिप्यंतर आता संगणकावर होते, आणि दुरुस्त केलेला पाठ त्याच नावाने साठविला की आधीचा पुसला जातो. हस्तलिखितातील खोडलेला शब्द निदान वाचता तरी येतो. येथे खाडाखोडीचाही माग उरत नाही. हा धोका टाळण्याचे काम संगणकाकडेच सोपविता येते. त्यासाठी ‘इव्हेंट हँडलर’ ही संकल्पना समजून घ्यावयास हवी.

एरवीची आज्ञावली आपण सांगू तेव्हा चालते. हँडलर विशिष्ट घटना घडताच आपोआप चालतो. मॅकिंतॉशवर १९९८ पासून अॅपलस्क्रिप्ट या भाषेतून फोल्डरला असे हँडलर जोडता येतात. त्यात पाच घटना मानल्या आहेत : फोल्डर उघडणे, त्याची खिडकी मिटणे, ती सरकविणे, आत काही येणे आणि आतून काही जाणे. अभ्यासकाच्या कामाच्या शेवटच्या दोनच.

त्यांची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. एकीत ‘आफ्टर रिसीव्हिंग’, दुसरीत ‘आफ्टर लूझिंग’ असे शब्द येतात. म्हणजे आपले ‘आल्यावर’ आणि ‘गेल्यावर’. व्याकरणाचा हा तपशील येथे निर्णायक ठरतो. ‘आल्यावर’ चालणारा हँडलर नव्या फाइलला कुलूप घालू शकतो, तिची दिनांकित प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवू शकतो. (दुसऱ्याच, त्याच फोल्डरात ठेवल्यास ती प्रतही ‘नवी आलेली’ ठरते आणि हँडलर स्वतःलाच पुनःपुन्हा हाक मारीत राहतो.) ‘गेल्यावर’ चालणारा मात्र हतबल असतो. फाइल कायमची पुसली गेली असेल, तर त्याच्या हाती केवळ तिचे नाव लागते. तो राखण करीत नाही, सुतकाची वार्ता तेवढी देतो.

शिवाय फाइल जागच्या जागी उघडून बदलणे ही या पाचांपैकी कोणतीच घटना नव्हे. आणि पाठ नाहीसा होतो तो नेमका याच वाटेने.

‘वर्ड’मधील ‘डॉक्युमेंट बिफोर सेव्ह’ ही घटना येथे उपयोगी पडते. ती ‘साठविण्यापूर्वी’ची आहे. तिच्या हँडलरला ‘कॅन्सल’ नावाचे चल मिळते. त्याचे मूल्य ‘ट्रू’ केले की साठवण रद्द होते, आणि जुना पाठ डिस्कवर शाबूत राहतो. फाइल ‘मूळ’ या फोल्डरातील आहे काय, एवढे तपासून नकार देणारा हँडलर थोड्याच ओळींत लिहिता येतो. ‘सेव्ह अॅज’चा मार्ग तेवढा मोकळा ठेवावा; ती चौकट उघडणार आहे की नाही, हेही हँडलरला आधी कळविलेले असते.

दस्तऐवज ‘उघडल्यावर’ चालणाऱ्या अशाच आज्ञावलीचा आधार घेऊन १९९९ साली ‘मेलिसा’ विषाणू पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ पासून ऑफिसमध्ये मुळातच अडविले जातात. तेव्हा आपला हँडलर दस्तऐवजात न ठेवता स्वतःच्या संगणकावरील ‘नॉर्मल’ टेम्प्लेटात ठेवावा. अर्थात सहसंपादकाकडे फाइल पाठविली की ही राखण तिच्यासोबत जात नाही. तेथे नावापुढे दिनांक हातानेच लिहावा लागतो.