खोगिराचे हाड आणि रिकिबीचे टोपण

गेल्या लग्नसराईत आमच्या शाहपुरात वरातीच्या घोडीवरून नवरदेव उतरला आणि घोडीवाल्याने तिच्या पाठीवरची जरीची झूल क्षणभर बाजूस केली. खोगिराच्या पुढच्या टोकांखाली, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, रुपयाएवढ्या दोन जखमा होत्या. त्यांवर माश्या बसत होत्या. मागच्या बाजूसही दोन ठिकाणी केस झडलेले दिसले. मी विचारले, "दादा, हे कशाने झाले?" तो म्हणाला, "सर, घोडीच नाजूक आहे. खोगीर तर नवे आहे, अमेरिकन पद्धतीचे. चामड्याला हात लावून पाहा ना!" मी हात लावून पाहिला. चामडे खरोखरच उत्तम होते. दोष चामड्यात नव्हताच; चामड्याच्या पोटात जे असते आणि कोणाला दिसत नाही, त्यात होता. त्या न दिसणाऱ्या वस्तूविषयी आणि रिकिबीवर चढवावयाच्या एका चामडी टोपणाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

घोडा हा विषय आमच्या भागास परका नाही. येथून जवळचे बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मोठे ठाणे होते. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरलगतच्या बहादुरपुऱ्यावर छापा घातला तो घोड्यांच्या वेगावरच. नर्मदाकाठी रावेरखेडी येथे १७४० साली ज्यांचा देह पडला, त्या थोरल्या बाजीरावांचे चित्र रंगवावयाचे तर ते घोड्यावर बसून हातावर कणीस चोळून खातानाचेच, अशी आख्यायिका आहे. आजही तापीच्याच काठी, खाली नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्यास, दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. घोडे पुष्कळ येतात, पारखीही पुष्कळ येतात. घोड्याचे दात, खूर, भोवरे सारे पाहिले जातात; पण घोड्याच्या पाठीचा आकार पाहून त्याला कोणते खोगीर बसेल याचा विचार करणारा गिऱ्हाईक मला तरी क्वचितच आढळला.

आपले जुने खोगीर म्हणजे मुख्यतः भरलेली गादी. लोकर, कापूस, चिंध्या, जे हाताशी असेल ते आत दडपावयाचे. 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी माणसांच्या जमावाला आपण लावतो तो येथूनच आला. वस्तुतः ही भरती नीट केली तर ती मुळीच निरुपयोगी नसते, पण भाषेने एकदा शिक्का मारला की तो पुसणे कठीण. हे खोगीर हलके, स्वस्त आणि बारगिराला स्वतः दुरुस्त करता येण्याजोगे होते. चामडी जीन घडविणारे ते जीनगर. फारसीतील 'झीन' म्हणजे खोगीर, त्यावरून हे नाव पडले. पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि या कुशल हातांना घोड्याचे काम उरले नाही. मग कोणी मातीच्या मूर्ती घडवू लागले, कोणी धातूच्या कामाकडे वळले, तर कोणी पेट्या, कुलपे, घड्याळे दुरुस्त करू लागले. घोड्यासाठी चामडे शिवण्याचा मोठा धंदा पुढे कानपुरास गेला. इंग्रज सरकारने लष्करासाठी तेथे खोगिरांचा कारखाना काढला आणि त्याच्या आधाराने आसपास जे कारागीर तयार झाले, त्यांचे काम आज परदेशी जाते. कानपुरी खोगिरांना आता भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. अमेरिकन गुराखी वापरतात त्या धाटणीची खोगिरेही तेथे घडतात. आमच्या घोडीवाल्याचे खोगीर त्याच जातीचे होते.

ही धाटणी मूळची अमेरिकेची नव्हे. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा त्याच्याबरोबर स्पॅनिश वंशाचे घोडे होते आणि त्या घोड्यांवर पुढून-मागून उंच अशी लढाईची खोगिरे होती. त्या खंडावर त्या काळी घोडाच नव्हता. पुढे स्पॅनिश मिशनांच्या गुरांचे कळप वाढले, ते राखणारे गुराखी निर्माण झाले, आणि लढाईचे खोगीर हळूहळू कामाचे खोगीर बनले. सोनोरा प्रांतात चोवीस वर्षे घोड्यावरून हिंडणारे येशूसंघी पाद्री एउसेबिओ किनो १७११ साली वारले, तेव्हा त्यांच्या अंथरुणात वासरांची दोन कातडी होती आणि उशाला ओझ्याच्या जनावराचे खोगीर होते, असे त्यांच्या सहकाऱ्याने लिहून ठेवले आहे. आमच्या घरी लहानपणी संतांच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. त्यांत उशाला खोगीर घेणारा हा एकच.

आता मुख्य वस्तूकडे वळू. या खोगिराचे चामडे उचकटून काढले तर आत लाकडाचा एक सांगाडा निघतो. इंग्रजीत त्याला 'ट्री' म्हणजे चक्क झाड म्हणतात. आपण त्याला खोगिराचे हाड म्हणू. याचे भाग चार. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस लांबट वल्ह्यांसारख्या दोन पट्ट्या असतात. पुढे त्यांना जोडणारी कमान असते आणि तिच्यावर दोर अडकविण्याचे शिंग बसवितात. मागे उभी पाठ असते. साऱ्या रचनेचा हेतू एकच: घोड्याच्या कण्यावर तिळभरही भार येऊ नये आणि स्वाराचे वजन कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसल भागावर पसरावे. गुराख्याने फास टाकून बैल अडकविला की दोराचे टोक शिंगाला असते. तो हिसका शिंगातून कमानीत, कमानीतून पट्ट्यांत आणि तेथून घोड्याच्या पाठीवर जातो. पट्टी तळहातासारखी सपाट टेकली तर घोडा तो हिसका सोसतो. बोटाच्या टोकासारखी रुतली तर पाठ फुटते.

या हाडासाठी लाकूड कोणते घ्यावे? पुष्कळांना वाटते की जितके कठीण तितके चांगले. तसे नाही. चामडे या लाकडावर खिळ्यांनी ठोकावयाचे असते, म्हणून खिळा धरून ठेवील आणि फुटणार नाही असे सरळ रेषांचे, बिनगाठीचे, पुरते वाळलेले लाकूड लागते. अमेरिकेत पाइन, फर अशी मऊसर लाकडे घेतात. काही कारागीर बीच घेतात, तर कोणी पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून त्यांतून आकार कोरतात. आपल्याकडील बाभूळ बैलगाडीच्या चाकाला अप्रतिम, परंतु खोगिराच्या हाडाला ती जड पडेल असे माझे मत आहे. शिवाय लाकडाचा खरा जोर लाकडात नसतोच, तो वरच्या कातड्यात असतो. हे कातडे कमावलेले नव्हे. केस काढलेले कच्चे कातडे भिजवून, ओढून, लाकडाभोवती कच्च्याच वादीने शिवतात. वाळताना ते आकसते आणि सारे सांधे मुठीत धरल्यासारखे आवळते. ज्यांनी डफाचे कातडे सुकताना पाहिले आहे, त्यांना ही किमया समजावून सांगावयास नको. मात्र घाई चालत नाही. उन्हात ठेवून झटपट वाळविले तर कातडे एकीकडे अधिक ओढते आणि सांगाडा पिळवटतो. म्हणून ते सावलीत, सावकाश वाळवावयाचे आणि मग ओल शिरू नये यासाठी वरून रोगण द्यावयाचे.

सांगाडा उत्तम असूनही घोड्याची पाठ फुटू शकते, कारण पाठीपाठीत फरक आहे. कमानीची रुंदी साधारण सहा ते सात इंच असते. पण अर्धा इंचही येथे क्षुल्लक नाही. रुंद पाठीच्या घोड्यावर अरुंद कमान ठेवली तर ती खांद्यांमागे चिमटा घेते. उंच खांद्याच्या, सडपातळ मारवाडी किंवा काठेवाडी घोड्यावर रुंद कमान ठेवली तर ती खाली बसते आणि थेट हाडावर टेकते. दुसरी गोष्ट पट्टीच्या बाकाची. पट्टी पाठीपेक्षा अधिक वाकडी असली तर खोगीर पाळण्यासारखे डुलते. पाठ खोलगट आणि पट्टी सरळ असली तर मध्ये पोकळी राहून पट्टी केवळ पुढे आणि मागे टेकते. नाल्यावर टाकलेला ओंडका जसा दोन काठांवरच टेकतो, तसा हा प्रकार. आमच्या घोडीचे दुखणे हेच होते. ती वयस्क आहे, पाठ मध्ये खचलेली, आणि पट्ट्या सरळ. स्वाराचा सारा भार चारच ठिकाणी पडत होता.

हे ओळखण्यास मोठी विद्या लागत नाही. लवचिक तार घेऊन ती घोड्याच्या खांद्यामागे आडवी दाबावी, तिचा आकार कागदावर उतरवून घ्यावा आणि तो कमानीशी ताडून पाहावा. पाठीच्या लांबीवरही तसेच करावे. शक्य असेल तर चामडे चढविण्यापूर्वी नुसता सांगाडाच उघड्या पाठीवर ठेवून पट्टीखाली हात सरकवावा. हात कोठे अडतो आणि कोठे पोकळीत जातो ते लगेच कळते. तयार खोगीर असेल तर तासभर रपेट करून ते उतरवावे. घामाने भिजलेल्या पाठीवर मधेच कोरडा डाग दिसला तर बहुधा तेथे दाब अतिशय आहे असे समजावे.

आता रिकीब. साचीच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकविण्याचे दोराचे फास दिसतात. रिकिबीची ती फार जुनी चाहूल. पायाला असा आधार देण्यात एक धोका मात्र मागाहून आला. स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. म्हणून रिकीब जोड्याच्या रुंदीपेक्षा अदमासे एक इंच रुंद असावी, फार अरुंद नको आणि फार रुंदही नको, कारण फार रुंद झाली तर सबंध पाऊलच आरपार जाते. मेक्सिकोच्या गुराख्यांनी यावर तोड काढली. रिकिबीच्या पुढल्या अंगाला जाड चामड्याचे टोपण बसविले. स्पॅनिशमध्ये त्याला 'तापादेरो' म्हणतात. झाकणे या अर्थाच्या धातूवरून हा शब्द आला. काटेरी झुडुपांतून जाताना पाय ओरबाडत नाही, थंडीवाऱ्यापासून बचाव होतो, आणि मुख्य म्हणजे पाऊल पुढे घुसू शकत नाही.

टोपण करताना प्रथम जाड कागदाचा नमुना कापावा आणि तो रिकिबीवर दुमडून, आत जोडा घालून पाहावा. पाय चवड्यापर्यंतच आत जावा आणि मागे सहज निघावा. मग सालीने कमावलेले जाड चामडे त्या नमुन्यावर बेतावे. जेथे दोन कडा एकमेकींवर येतात तेथे रापीने त्या पातळ कराव्यात. चामडे भिजवावे, पण ओलेचिंब असताना वाकवू नये. पाणी आत मुरून वरचा मूळ रंग परत दिसू लागला की ते हाताला मेणासारखे वळते. लाकडी रिकिबीवर घट्ट चढवावयाचे आवरणही असेच ओलसर असताना ताणून शिवतात आणि शिवण पायाला घासणार नाही अशा बाजूस घेतात. पावलाखालच्या दांडीवर चामड्याचा आणखी एक थर देतात, कारण झीज तेथेच होते.

शिवण मात्र हातचीच हवी. आरीने भोक पाडावयाचे, मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून ओढावयाच्या. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे केवळ एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की ओळ उसवू लागते. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका गेला तरी शेजारचे टाके आपापल्या जागी राहतात. घोड्यावरच्या माणसाचा जीव पुष्कळदा एवढ्याशा फरकावर अवलंबून असतो.

घोडीवाल्याला नवे खोगीर घेणे परवडणारे नव्हते. गावातील एका वृद्ध चर्मकारांकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी घोडीच्या पाठीवर तार दाबून पाहिली, हसले, आणि नमद्याच्या दोन लांब गाद्या कापल्या, मध्ये जाड आणि टोकांना पातळ. कण्यावर मोकळी वाट ठेवून त्या पट्ट्यांखालच्या पोकळीत बसविल्या. नवरदेवांच्या गुळगुळीत मोजड्या रिकिबीतून सटकतात ही तक्रार त्यांनी आपण होऊन ऐकून घेतली आणि दोन टोपणेही शिवून दिली. मजुरी इतकी कमी सांगितली की मलाच संकोच वाटला. घोडीवाल्याने थोडी वाढवून दिली. जखमा भरेपर्यंत, सुमारे दीड महिना, घोडीवर काहीच घातले नाही. त्या अवधीत दोन वराती हातच्या गेल्या, आणि त्याबद्दल तो मला अजून बोल लावतो. आता जखमा पुरत्या बुजल्या आहेत. त्या जागी आलेले केस मात्र पांढरे आहेत.