डोहाचं नाव नकाशावर चढवताना

पोंभुर्ण्याकडच्या जंगलाचा सरकारी नकाशा आपण उघडलात, तर नावं फारच थोडी दिसतील. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पन्नास मीटरचा डोह तिथे एका मिलिमीटरचा. त्याचं नाव लिहिणार कुठे? वनखात्याच्या नकाशात तर कक्ष क्रमांकच. गावाच्या तोंडी मात्र प्रत्येक बोडीला, उताराला, खडकाला नाव असतं.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा करताना ओळखीच्या खुणांसह नकाशा जोडावा लागतो. शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये असा हक्क मिळाला. आपल्या गावाची नावं नोंदवायची असतील, तर सुरुवात वहीपासून करू.

वहीत पाच रकाने आखा: नाव, नावाचे इतर उच्चार, सांगणारा, ठिकाण, वर्णन. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सरकारी मोजणीदार गॅलिक नावं जवळपास अशाच रकान्यांत लिहीत. ‘सांगणारा’ हा रकाना आळसानं सोडला जातो. पुढे वाद झाला की तोच लागतो.

मग माणसं शोधा. नदीतले डोह आणि खडक ढिवरांना विचारा, चराईच्या जागा गुराख्याला, मोहाची झाडं फुलं वेचायला जाणाऱ्या बायांना. पाटलांच्या ओसरीवर बसून यादी केली, तर फक्त रस्त्यालगतची नावं मिळतात.

विचारायचं ते जागेवर जाऊन. घरी बसून “त्या टेकडीला काय म्हणता?” विचारलं, की “टेकडीच म्हणतो” असं उत्तर येतं. चालता चालता मात्र आजी आपण होऊन म्हणते, “हे उतरलो का मंग तो डोह लागते.” नाव तिथे निघतं.

आता लिहिणं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. गोंडीत पाण्याला ‘येर’, टेकडीला ‘मट्टा’, गावाला ‘नार’. मराठी कानाला ‘मट्टा’चा ‘मठ’ ऐकू आला, की नकाशावर ‘मठाची टेकडी’ उमटते, आणि पुढचा माणूस तिथे मठ शोधत फिरतो. म्हणून ऐकलं तसं लिहा, सुधारू नका, भाषांतर करू नका. तीनदा म्हणवून घ्या आणि परवानगी घेऊन आवाज मोबाइलवर ठेवा. अर्थ विचारायचाच, पण तो वर्णनाच्या रकान्यात. दोन गावं एकाच नाल्याला दोन नावं देत असतील, तर दोन्ही नोंदवा; कोणतं खरं हे ठरवणं आपलं काम नाही.

जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरच्या जीपीएसनं घ्या. दाट झाडीखाली मिनिटभर थांबा. पहिला आकडा बऱ्याचदा काही मीटर सरकलेला असतो. दशांशाचा घोटाळा मात्र मोठा. 19 अंश 52 मिनिटं हे कुणी ‘19.52’ असं लिहिलं, तर आपला डोह सुमारे 38 किलोमीटर दक्षिणेला जातो. दशांश लिहायचे असतील तर ते 19.87 होतात. कोणती पद्धत वापरली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

देवाच्या जागा, औषधी झाडं यांचं काय? ते गाव ठरवेल. काही ठिकाणं नकाशावर न आलेलीच बरी. वहीत असली, तरी बाहेर द्यायची की नाही ते आधी विचारा.

शेवटी यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या कामासाठीच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. वाचताना कुणीतरी हमखास म्हणतं, “तो डोह नाही, त्याच्या खालचा.” तेव्हा वही घेऊन पुन्हा नदीवर जायचं. शेजारच्या गावाशी सीमेवरून मतभेद निघाला, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्या एकत्र बसतात. तिथे ‘सांगणारा’ रकाना उघडून ठेवा.