उसात जन्मलेली पिढी

नाशिक जिल्ह्यातल्या बिबट्याची गेली वीस-पंचवीस वर्षं समजून घ्यायची तर जंगलाचा नकाशा बाजूला ठेवून उसाचा हंगाम बघावा. कालवे इथे इंग्रजांच्या काळापासूनचे, दारणा धरण १९१६चं. त्या पाण्यावर निफाडात गोदा-कादवेच्या काठी आणि दारणेच्या अंगाला ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. आत दाट पाचट, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. मादीला आणखी काय लागतं?

तीन-साडेतीन महिन्यांत ती विते. दोन-तीन पिल्लं, अर्ध्या किलोच्या आसपासची, आठ-दहा दिवस डोळे मिटलेली. कोयता मात्र त्यांच्यासाठी थांबत नाही. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं, फड तुटत तुटत मधला तुकडा उरतो आणि तोडणीवाल्यांना पाचटात पिल्लं दिसतात. ती उचलून नेली की जन्माचा पिंजरा ठरलेला. वनखात्याने वेगळी वाट धरली: तोड थांबवायची, पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवायची, कॅमेरा लावायचा, माणसं लांब न्यायची. अंधारात मादी येते, क्रेट कलंडवते, मानेला धरून एकेक पिल्लू नेते. नाशकात हे इतक्यांदा झालंय की त्याचं फारसं नवल उरलेलं नाही. माझ्या मते या काळातलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच.

हे शहाणपण स्वस्तात आलेलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ पासून बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडले गेले, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेले. उसात वाढलेल्याला जंगलात नेऊन सोडणं म्हणजे परक्या मुलखात टाकणंच.

दीड-दोन वर्षांचा नर आईपासून सुटतो. जुन्या नराच्या हद्दीत त्याला थारा नसतो. मग ओहोळ, मळे, नदीकाठ धरून तो सरकत राहतो, आणि गोदेचा काठ थेट शहरात येतो. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला. बघ्यांची ही गर्दी, जनावर बिथरलं, माणसं जखमी झाली. २०२० साली दारणाकाठी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली. त्या घरांना सहजीवनाचं व्याख्यान देऊ नये. तिथे पिंजरे लागले ते योग्यच. फक्त, एक बिबट्या धरला की मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा तरुण येतो, कारण ऊस तिथेच असतो.