विश्लेषण : ‘द गॉडफादर’मध्ये ‘माफिया’ हा शब्द का नाही?

मार्च १९७२ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द गॉडफादर’ हा माफिया चित्रपटांचा मानदंड मानला जातो. मात्र सुमारे तीन तासांच्या या चित्रपटात ‘माफिया’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. कॉर्लिओने घराण्याचे लोक ‘कुटुंब’ म्हणतात, ‘धंदा’ म्हणतात. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या संयत शैलीला हे श्रेय देण्याचा मोह होतो, पण यामागे एक तडजोड होती.

आक्षेप कुणाचा होता?

‘इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग’ या संघटनेचा. तिचे संस्थापक जो कोलंबो हे न्यू यॉर्कच्या पाच माफिया कुटुंबांपैकी एकाचे प्रमुख! मुलाच्या अटकेनंतर १९७० मध्ये त्यांनी थेट एफबीआयच्या कार्यालयावर निदर्शने सुरू केली. ‘माफिया’ या शब्दाने समस्त इटालियनांची बदनामी होते, असा त्यांचा दावा. दावा करणारा संशयास्पद असला, तरी दुखणे खोटे नव्हते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे पोलीसप्रमुखाच्या हत्येनंतर ‘माफिया’चा संशय घेत झुंडीने ११ इटालियनांना ठार मारले होते. त्यांपैकी एकावरही तो गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यामुळेच कोलंबो यांच्या मेळाव्यांना हजारो सामान्य माणसे येत. खुद्द अमेरिकेच्या न्याय विभागानेही १९७० मध्ये हा शब्द वापरणे थांबवले.

मग तडजोड काय झाली?

लीगचा विरोध म्हणजे न्यू यॉर्कमध्ये चित्रीकरणाला खीळ. निर्माते अल्बर्ट रडी यांनी १९७१ च्या सुरुवातीला कोलंबो यांची भेट घेऊन ‘माफिया’ हा शब्द वगळण्याचे मान्य केले. मुळात संहितेत तो जेमतेम एखाद्-दुसऱ्या ठिकाणी होता. म्हणजे रडी यांनी फारसे काही गमावले नाही. उलट अडलेल्या जागा खुल्या झाल्या. बातमी वृत्तपत्रांत झळकताच पॅरामाउंटची मालक कंपनी मात्र भडकली आणि रडी यांची नोकरी जाता जाता वाचली.

गंमत अशी, की मूळ कादंबरीचे लेखक मारिओ पुझो यांनी ती खऱ्या गुंडांना न भेटता, केवळ अभ्यासावर लिहिल्याचे सांगितले होते. चित्रपटाची मात्र खऱ्या डॉनशी गाठ पडली.

कोलंबो यांचे पुढे काय झाले?

२८ जून १९७१ रोजी लीगच्याच मेळाव्यात, न्यू यॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हल्लेखोर जागीच मारला गेला. त्या वेळी ‘गॉडफादर’चे चित्रीकरण सुरूच होते, आणि कथेतही भररस्त्यात गोळ्या झेलणारा डॉन होताच. फरक इतकाच, की व्हिटो कॉर्लिओने सावरतो. कोलंबो पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आणि १९७८ मध्ये वारले. लीग त्याआधीच निष्प्रभ झाली होती. पहिल्या खेळाचे उत्पन्न लीगला देण्याचे आश्वासनही कागदावरच राहिले.