कॅट नसलेला पत्त्यांचा डाव

पत्त्यांच्या डावाला काय लागतं? एक कॅट, आणि तो नीट पिसणारा भिडू. आता असा डाव डोळ्यांसमोर आणा ज्यात कॅटच नाही!

२०१३ मध्ये जपानमध्ये 'सर्कल ऑफ माना' हा मोबाइल गेम आला. 'माना' ही १९९१ पासूनची रोल-प्लेइंग मालिका. आपण वीर व्हायचं, तलवार घेऊन निघायचं आणि राक्षसांशी लढत गोष्ट पुढे न्यायची. नव्या गेममध्ये त्याच दुनियेतली पात्रं पत्त्यांवर आली. पानं जमवा, मित्रांना हाताशी घ्या, लढा.

पण ही पानं असतात कुठे? फोनमध्ये? छे! अशा गेममधलं पान म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच्या खतावणीतली एक ओळ: अमक्या खेळाडूकडे तमका वीर, ताकद इतकी. फोन ही नुसती खिडकी.

लढलं की शक्ती खर्च होते आणि आपण झोपलो तरी हळूहळू भरते. लाखो खेळाडूंची शक्ती रात्रभर कोण भरत बसतं? बहुधा कुणीच नाही! सर्व्हर फक्त शेवटची वेळ टिपून ठेवतो. सकाळी तुम्ही गेम उघडलात की मधले तास मोजून आकडा मांडतो. पासबुक भरायला गेल्यावर व्याजाची नोंद उमटावी, तसं.

आणि नवं पान काढताना? इथे मी दर वेळी थक्क होतो. पिसून ठेवलेला गठ्ठा कुठेच नसतो. तुम्ही बोट टेकवलंत की त्या क्षणी संगणक एक आकडा काढतो आणि त्यावरून पान ठरतं. या सोडतीला 'गाचा' म्हणतात. नाणं घालून मूठ फिरवली की खेळण्याची डबी टाकणारी जपानी यंत्रं असतात ना, त्या मुठीच्या आवाजावरून आलेलं नाव.

गठ्ठा नाही म्हणजे तो संपतही नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. लुडोचा फासा घ्या. एक ते सहा, सगळे आकडे एकदा तरी पडेपर्यंत टाकत राहा. किती वेळा टाकावा लागेल? सहा? आठ? सरासरी १४.७ वेळा! पहिले पाच आकडे मिळून सरासरी ८.७ फेकींत येतात आणि उरलेला एकटा सरासरी सहा फेकी खातो. आता फाशाच्या जागी सहा पानं ठेवा, प्रत्येकाची शक्यता सारखी धरा, आणि दर फेकीला पैसे मोजा. पाच पानं हातात आलेला माणूस थांबेल का? पूर्ण संच जमवला तरच दुर्मीळ पान, अशा 'कम्प्लीट गाचा'ला जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये बेकायदा ठरवलं ते उगाच नाही. मोठ्या कंपन्यांनी ती पद्धत गुंडाळली. 'सर्कल ऑफ माना' आला तो त्यानंतर.

पुढे तोही बंद झाला. सर्व्हर थांबला, खतावणी मिटली. कुणी महिनोन्‌महिने जोपासलेलं पान आज कुठल्याही फोनवर उघडत नाही.

मालिकेचा पहिला गेम मात्र गेम बॉयच्या कॅसेटमध्ये होता. काड्यापेटीहून मोठी चौकोनी वडी, आत चिप. अख्खं जग मावलंय आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षाही कमी जागेत. ती चांगल्या स्थितीत मिळाली, तर चालू गेम बॉयमध्ये सरकवा आणि बटण दाबा. १९९१ सालचा तो वीर आजही तलवार घेऊन उभा राहतो.